देवाच्या पंगतीतले पाहुणे

“मॅडम, शिंगाडा तेवढा आपलाच हाय बरं का,” नरळे गुरुजी फोनवर सांगत होते. “तो ताटातनं उचलला न्हाई मी. भगरपण तशीच ठेवलीय. न्हाईतर पोरं म्हणायची, गुरुजींनी सगळंच परदेशी करून टाकलं.”

“गुरुजी, एका शिंगाड्यानं काय बिघडणार आहे?”

“आवं, असं कसं? इतिहासाला पुरावा लागतो. ज्याचा पुरावा हाय तेवढंच बोलायचं.”

मी हसले. माणदेशातल्या एका वस्तीवर चौदा पोरांना शिकवणारा हा माणूस मला, पुण्यातल्या ‘विषय संपादका’ला, पुराव्याचे धडे देतोय याची गंमत वाटली. नऊ वर्षं झाली त्या फोनला. गंमत वाटायची बंद होऊनही तेवढीच वर्षं झाली.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आमच्या कंपनीनं ‘जगाची पाटी’ नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. मराठी मुलांना जगाचा इतिहास घरबसल्या, फुकट आणि चित्रफितींमधून शिकवायचा, असा तो थोर बेत होता. दोनशे धडे करायचे ठरले होते. त्यातले बहुतेक आम्ही कार्यालयात बसून, इकडचं तिकडचं इंग्रजी वाचून लिहीत असू. पिरॅमिडचे सहा धडे होते आणि सहाही धड्यांत एकच उंट होता. मुलं दीड मिनिटात पळून जायची.

पळून जायची नाहीत ती फक्त नरळे गुरुजींच्या धड्यांपासून. अंकुश नरळे हे बुधावलेवस्तीच्या दोनखोल्यांच्या शाळेवरचे एकुलते एक शिक्षक. पन्नाशीला आलेले, सडसडीत, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. शाळेच्या अंगणात त्यांनी चुन्यानं जगाचा नकाशा आखला होता. ऑस्ट्रेलियाच्या जागी हापसा आला होता, पण बाकी सगळं जागच्या जागी होतं. पोरं त्या नकाशावरून चालत चालत चीनहून रोमला रेशीम घेऊन जायची. गुरुजी ते फोनवर चित्रित करून आम्हाला पाठवायचे.

हे त्यांनी प्रसिद्धीसाठी केलं नव्हतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, “मॅडम, पट चौदा हाय. दहाच्या खाली गेला की शाळा बंद करून पोरं पलीकडच्या गावाला जोडणार, असं वरनं बजावलंय. वस्तीवरच्या लोकांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन दिसती. आपली शाळा पुण्याच्या फोनवर दिसली, तर थांबतील. तेवढ्यासाठी चाललंय.”

आणि लोक थांबलेही होते. दोन वर्षं चौदाचे तेरा झाले नव्हते.

गुरुजींच्या फोनमध्ये जागा नसायची. एक धडा पाठवला की तो पुसायचा, मगच दुसरा घ्यायचा. पाठवतानाही नेट तुटायचं, म्हणून ते शाळेमागच्या टेकाडावर जाऊन उभे राहायचे. ‘देवाच्या पंगतीतले पाहुणे’ हा धडा त्यांनी असाच तीन हिसक्यांत पाठवला.

“मिळाला का, मॅडम?”

“मिळाला, गुरुजी.”

“पुसू का मग?”

“पुसा.”

धडा साधा होता. गुरुजींनी पोरांसमोर उपासाचं भरलं ताट मांडलं होतं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, हिरवी मिरची, भगर, शिंगाड्याचा शिरा, दही. मग एकेक पोर उठायचं, एक वाटी उचलायचं आणि नकाशावर तो पदार्थ मुळात जिथला तिथे नेऊन ठेवायचं. बटाटा पेरूत गेला. साबुदाण्याचा कंद ब्राझीलला गेला, शेंगदाणाही त्याच्या मागोमाग. मिरची मेक्सिकोला पोचवताना एका पोरीनं तिचं टोक चावून बघितलं आणि सगळे खिदळले. कोण चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांच्या गलबतातून आलं, कोण परवा-परवा आलं, ते गुरुजी सांगत होते. शेवटी ताटात उरलं दही, भगर आणि तो शिंगाडा.

त्यापुढे गुरुजी आणखी दीड मिनिट बोलले होते. ते मी कापलं.

का कापलं? कारण आमच्याकडे नियम होता, चार मिनिटांच्या वर काही ठेवायचं नाही. धडा साडेपाच मिनिटांचा होता. रिकामं होत गेलेलं ताट दिसतं तिथे थांबलं की कसं झकास वाटतं, असं मला वाटलं. पुढचं म्हणजे गुरुजींचा उपदेश, शाळामास्तरी. आणि ‘देवाच्या पंगतीतले पाहुणे’ हे शीर्षक कोण उघडणार? मी दुसरं दिलं. ‘उपासाला हे खाल्लंत? मग तुमचा उपास मोडला!’ शीर्षकं बदलण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पाठ थोपटून घ्यायची सवयच लागली होती मला.

धडा तीन दिवसांत चार लाख लोकांनी पाहिला. आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. चौथ्या दिवशी पेढ्यांनी गोड झालेलं तोंड कडू झालं.

कुणीतरी तो तुकडा उचलून फोनवरच्या गटागटांतून फिरवला. खाली लिहिलेलं, ‘हा मास्तर लहान पोरांना शिकवतो की तुमच्या आया-आज्यांचे उपास खोटे.’ शीर्षक तर माझंच होतं, त्यांना वेगळं काही रचावंही लागलं नाही. त्या दीड मिनिटाशिवाय पाहिलं, तर गुरुजी खरोखरच हसत हसत देवाचं ताट लुटताना दिसत होते. शिक्षण खात्याकडे अर्ज गेले, शाळेच्या भिंतीवर कुणी काळं फासलं. गुरुजींचा फोन आला, तेव्हा आवाज शांत होता, पण घसा बसलेला होता.

“मॅडम, वस्तीवर सोमवारी बैठक हाय. पोरं काढून घ्यायची म्हणतेत. माझ्याकडचं तर पुसलंय. मूळ तुमच्यापाशी असंल. त्यातलं शेवटचं तेवढं लोकांना दाखवलं, तर मिटंल सगळं. माणसं वाईट न्हाईत, तुटकं बघितलंय त्यांनी.”

मी सौमित्रकडे गेले. सौमित्र आमचा प्रमुख. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि कधी आवाज न चढवणारा.

“मूळ दाखवलं की आपण कापलं हे सिद्ध होतं,” तो म्हणाला. “मग पुढचा प्रश्न काय? कुणी कापलं? शीर्षक कुणी दिलं? आज मास्तरचं घर शोधताहेत, उद्या तुझं शोधतील. आणि दोनशे धडे, बारा जणांचं काम, सगळं एका ताटापायी बंद. तू असं कर, सोमवारी तिकडे जाच. हे पत्र ने. ‘धड्यातली मतं माझी आहेत, कंपनीचा संबंध नाही,’ असं त्यात मास्तरच्या नावानं लिहिलंय. त्यांची सही घेऊन ये.”

“आणि मूळ चित्रफीत?”

“कोणती?” सौमित्र म्हणाला.

तरीही निघताना मी ती एका पेनड्राइव्हवर घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. का घेतली? स्वतःला बरं वाटावं म्हणून. दाखवायची वेळ आली तर दाखवू, असं मी स्वतःला सांगत होते. पाच तासांच्या प्रवासात मी तीनदा पर्स उघडून बघितली, एवढी मी प्रामाणिक होते.

मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते. शाळेला लागूनच गुरुजींची खोली. दारात पाय ठेवायच्या आत त्यांच्या बायकोनं, कुसुमवहिनींनी, तांब्या पुढे केला आणि वाटीत गुळाचा खडा. “आधी पाणी घ्या. ऊन लई हाय. मग बोला काय बोलायचं ते.”

बैठक शाळेच्या अंगणातच होती. चाळीस-पन्नास माणसं त्या चुन्याच्या नकाशावर बसली होती. पुढे हणमंतराव बुधावले. वस्तीतलं वजनदार माणूस, आफ्रिकेवर ऐसपैस मांडी घालून बसलेलं. इंग्रजी शाळेची व्हॅन त्यांच्या मेव्हण्याची होती, हे मला गुरुजींनी नंतरही सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. पोरं हापशापाशी दाटीवाटीनं उभी होती.

हणमंतरावांनी फोन वर धरून तो तुकडा सगळ्यांना ऐकवला. संपल्यावर म्हणाले, “बोला गुरुजी. आमची म्हातारी चाळीस वर्षं सोमवार धरती. तिचा उपास मोडला म्हणायचा का?”

“तसं मी म्हणलो न्हाई, हणमंतराव,” गुरुजी उभे राहून म्हणाले. “माझा स्वतःचा आज सोमवार हाय. ते वरचं नाव मी दिलेलं न्हाई. आणि पुढं मी आणखी बोललो होतो. ते ह्यात न्हाई. ते ऐकलं असतं, तर म्हातारीनं मला आशीर्वाद दिला असता.”

“पुढं बोललो होतो! हे बरं हाय. तुम्हीच पोरांना शिकवता नव्हं, इतिहासाला पुरावा लागतो म्हणून? मग दावा पुरावा.”

लोक हसले. गुरुजी नाही हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ नजरा चुकवल्यात, पण त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. ती निर्धास्त होती. आपलं माणूस वेळेवर आलंय, अशी.

तेवढ्यात हापशापाशी एक मुलगी पुढे आली. प्राजक्ता, चौथीतली, धड्यात मिरची चावणारी तीच. “गुरुजी पुढं पाव्हण्याचं बोललं होतं,” ती मोठ्यानं म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी वरडून उत्तर दिलं होतं.”

“गप,” गर्दीतून तिचा बाप म्हणाला. “मोठ्यांत बोलू नये.”

“पोरं गुरुजींचीच री ओढणार,” हणमंतराव म्हणाले. “ह्या पुण्याच्या मॅडम हायत, ह्यांनीच दाखवलाय धडा. त्यांना काय गरज खोटं बोलायची? मॅडम, तुम्ही सांगा. पुढं काय होतं का?”

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. पर्स माझ्या मांडीवर होती. आत हात घालायचा आणि लॅपटॉपला ती बोटभर वस्तू लावायची, एवढंच काम. माझा लॅपटॉप गाडीतच होता. दोन मिनिटं लागली असती. मग कुणीतरी विचारलं असतं, कापलं कुणी? आणि मला म्हणावं लागलं असतं, मी. शीर्षक कुणाचं? माझं. ती चाळीस-पन्नास माणसं, काळं फासलेली भिंत, माझं नाव आणि माझा फोटो गटागटांतून फिरतोय, हे सगळं मला एका दमात दिसलं. मी भ्याले. दोनशे धड्यांचं, बारा जणांचं वगैरे मी नंतर रचलं. त्या क्षणी मी फक्त भ्याले होते.

“आमच्याकडे जेवढं आलं,” मी म्हणाले, “तेवढंच आम्ही दाखवलं.”

प्राजक्तानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

“गुरुजी, आपण म्हणलो होतो न्हवं?”

“बस, बाळा,” गुरुजी म्हणाले. “आपल्यापाशी पुरावा न्हाई.”

बैठक पुढे फार चालली नाही. हणमंतरावांनी एकेकाला विचारलं आणि एकेकानं मान हलवली. गुरुजींना हात लावायचा नाही, पण पोरं काढायची, असं ठरलं. माणसं खरंच वाईट नव्हती. उठताना दोघा-तिघांनी गुरुजींना नमस्कारही केला. हापशापाशी उभ्या असलेल्या आपापल्या पोरांची मनगटं धरून त्यांनी त्यांना घरी नेलं. दुपारपर्यंत आठ दाखले मागितले गेले. उरली सहा.

मी निघायला हवं होतं, पण सही व्हायची होती.

“आता जेवल्याबिगर जाऊ नका,” गुरुजी म्हणाले. “पाच तासांची वाट हाय.”

“नको गुरुजी, कशाला त्रास.”

“त्रास कसला? आमचा उपास हाय, उपासाचंच हाय घरात. चालतंय न्हवं तुम्हाला? का भाकरी टाकायला सांगू?”

“चालतं,” मी म्हणाले.

वहिनींनी ताट आणलं. खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळं, भगर, शिंगाड्याचा शिरा, दही, आणि कडेला एक हिरवी मिरची. तेच ताट होतं, काठाला पोचा असलेलं. चित्रफितीत मी तो पोचा इतक्यांदा पाहिला होता की लगेच ओळखला. गुरुजी माझ्यासमोर बसले. त्यांनी आधी माझ्या ताटात वाढायला लावलं, मग स्वतःच्या.

“सगळं पुसलंच का हो त्यांच्याकडचंबी?” वहिनींनी हळूच गुरुजींना विचारलं. मी समोर बसलेली असताना हळूच विचारून काय उपयोग, पण त्यांना राहवलं नसावं.

“पुसलं असंल,” गुरुजी म्हणाले. “मॅडम कशाला खोटं बोलतील?”

हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांना कळलं होतं की नव्हतं? मी नऊ वर्षं या एका वाक्याची उलथापालथ करतेय. कळलं नसेल तर मी एका भाबड्या माणसाला फसवलं. कळलं असेल तर काय केलं, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

मी जेवले. दुसऱ्यांदा खिचडी वाढली, तीही खाल्ली. ताट स्वच्छ केलं. पानात अन्न टाकू नये, हे माझ्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. दुसरं काही बिंबवायचं राहून गेलं असावं.

हात धुतल्यावर मी पत्र पुढे केलं. गुरुजींनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. ‘धड्यातली मतं माझी आहेत’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे खरं हाय. पण सगळी मतं आली न्हाईत त्यात.” आणि खिशातलं पेन काढून सही केली. तारीख घातली. खाली कंसात ‘शिक्षक, बुधावलेवस्ती’ असंही लिहिलं.

निघताना वहिनींनी माझ्या हातात राजगिऱ्याचे दोन लाडू कागदात बांधून दिले. गाडीत मी ते मागच्या सीटवर ठेवले आणि पुण्यात आल्यावर वॉचमनला देऊन टाकले.

पुढच्या जूनमध्ये शाळा बंद झाली. सहा पोरं पलीकडच्या गावाला जोडली गेली. त्यातल्या दोघींना एवढं लांब कुणी पाठवेना, असं ऐकलं. प्राजक्ता त्यातली एक होती की नाही, ते मी विचारलं नाही. गुरुजींची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. त्यांनी पुन्हा धडा पाठवला नाही आणि मीही मागितला नाही.

कंपनी आणखी तीन वर्षं चालली. मग ती कुणी विकत घेतली, आणि घेणाऱ्याला मुलांच्या इतिहासात रस नव्हता. ज्या दोनशे धड्यांसाठी मी खोटं बोलले असं स्वतःला सांगायचे, त्यातला एकही आता कुठे उघडत नाही. उंटसुद्धा गेला. सगळ्या ‘जगाच्या पाटी’तला एकच धडा जगात शिल्लक आहे, तो माझ्या कपाटात, एका बोटभर वस्तूत.

वर्षातून एकदा-दोनदा मी तो लावते. सुरुवातीचं पाहत नाही, थेट चार मिनिटांवर जाते.

ताटात दही, भगर आणि शिंगाडा उरलेत. पोरं रिकाम्या ताटाकडे बघून हिरमुसलीत. गुरुजी उकिडवे बसतात आणि म्हणतात, “का रं, तोंडं का पडली? आता ऐका. हे बटाटं, हे शेंगदाणं, ही मिरची लांबून आपल्या दारात आली. हितं कुणी ओळखीचं न्हाई, भाषा येत न्हाई. आपल्या पणजीच्या पणजीनं काय केलं? हाकललं? न्हाई. चाखून बघितलं, आणि घेतलं. कुठं घेतलं? रोजच्या जेवणात घेतलंच, पण देवाच्या पंगतीलाबी बसवलं. परक्याला थेट देवाच्या पंगतीला बसवणारी माणसं आपण. हा आपला इतिहास. तुमची आज्जी सोमवार धरती, तवा ती सगळ्या जगाला जेवायला घालून मग स्वतः घास घेती. जावा, आणा सगळ्या वाट्या परत. ताट भरा.”

पोरं नकाशाभर धावत सुटतात. पेरूतून, ब्राझीलमधून, मेक्सिकोतून वाट्या परत येतात. ताट पुन्हा भरतं. काठाला तो पोचा दिसतो.

“आता शेवटचा प्रश्न,” गुरुजी म्हणतात. “पाव्हणा दारात आला. कोण, कुठला, काय कामानं आला, ठाऊक न्हाई. त्याला पहिलं काय विचारायचं?”

आणि चौदा पोरं एका आवाजात ओरडतात, “पाणी!”